पारख करा, पण विझवू नका

पत्रं बरीच साठली आहेत, त्यातली चार घेते. पहिलं पत्र खरं तर सगळ्यात शेवटी आलं, पण ते पुढच्या महिन्यावर टाकण्यासारखं नाही.

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. माझ्या पत्नीला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या महिन्यात एका सभेत प्रचारकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिला अंगातून ऊब गेल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, ‘तू बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास.’ तेव्हापासून तिने गोळ्या बंद केल्या आहेत. मी काही बोललो की म्हणते, तुमचा विश्वासच कमी. खरंच माझा विश्वास कमी आहे का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : भाऊ, हे वाचाल त्याच दिवशी पत्नीला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि साखर तपासून घ्या. मधुमेहात साखर वाढत असताना माणसाला बरेच दिवस काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्यात डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा आतल्या आत खराब होत राहतात. ‘मला बरं वाटतंय’ यावर या आजारात विसंबता येत नाही.

तुमचा विश्वास कमी नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना काय सांगितलं ते लूकच्या सतराव्या अध्यायात वाचा. ‘जाऊन याजकांना दाखवा.’ कुष्ठ गेलं की नाही हे पाहून सांगण्याचा अधिकार त्या काळी याजकाचा होता. ज्याने बरं केलं त्यानेच तपासणीला पाठवलं. प्रभूला तपासणीची भीती वाटली नाही, तर त्याच्या नावाने प्रार्थना करणाऱ्याला का वाटावी? पत्नीशी वाद घालू नका. एवढंच म्हणा, ‘देवाने बरं केलं असेल तर ते रिपोर्टात दिसेल, डॉक्टरच गोळी कमी करतील, आणि आपण दोघं मंडळीत उभं राहून उपकारस्तुती करू. नाही दिसलं, तर गोळी घेत घेत प्रार्थना करू.’

हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं, तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं. प्रेषित पौलाच्या हातून चमत्कार झाले. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढचा रस्ता धरला, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि ‘प्रिय वैद्य लूक’ त्याच्या सोबत होता. मिरजेचं रुग्णालय डॉ. वानलेस यांनी उभारलं ते येशूच्याच नावाने. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या किती मुली परिचारिका झाल्या! रात्र रात्र जागून त्यांनी जी औषधं दिली ती काय अविश्वासाने दिली?

तो प्रचारक कोण हे मी विचारणार नाही. पण दुसऱ्याची गोळी बंद करून जो पुढच्या गावाला निघून जातो, त्याला त्या घरात रात्री-अपरात्री काय होईल ते पाहावं लागत नाही. हे मला सहन होत नाही, म्हणून स्पष्ट लिहिलं.

प्रश्न : बाई, सलाम. मी तुमचा शाळेतला विद्यार्थी. आमचं घराणं मिशनच्या जुन्या मंडळीतलं, चार पिढ्यांचं. इंजिनिअरिंगला असताना मित्राबरोबर एका फेलोशिपला, म्हणजे प्रार्थना-गटाला, गेलो आणि प्रार्थनेत आयुष्यात पहिल्यांदा रडलो. पुढे मला अन्य भाषेचं दान मिळालं, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलू लागलो. आता बायबल मनापासून वाचतोय. पण रविवारी आमच्या चर्चमध्ये बसलो की सगळं मेल्यासारखं वाटतं. लोक मतांगीकार (आपल्या विश्वासाची ठरलेली कबुली) म्हणतात आणि डोळे घड्याळाकडे असतात. आमच्या फेलोशिपचे ब्रदर म्हणतात, मतं माणसांनी बनवली, आत्मा देवाचा. आणि ज्याला अन्य भाषा नाही त्याच्यात आत्मा नाही. हे मी आजीला सांगितलं, तर ती दोन दिवस जेवली नाही. पप्पा म्हणतात, हे सगळं मानसिक आहे, बंद कर. बाई, खरं काय मानू? शिकवण की अनुभव?
— तुमचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : बाळ, आधी तुझ्या पप्पांशी चार शब्द बोलते, कारण हे मासिक घरी येतं ते बहुधा त्यांच्याच नावाने. साहेब, तुमचा मुलगा ऐन तारुण्यात बायबल उघडून बसलाय. या वयात आपल्या किती घरांतली मुलं चर्चची पायरी सोडतात ते तुम्ही-आम्ही पाहतोच आहोत. देवासमोर मन उघडं पडून माणूस रडला, याला आजार म्हणायचं असेल तर अर्धी स्तोत्रसंहिता बाजूला काढून ठेवावी लागेल. ‘आत्म्याला विझवू नका’ असं पौलाने लिहिलंय. ही आज्ञा आहे, आणि जुन्या मंडळीत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी ती विशेष कान देऊन ऐकायची आहे.

आता तुला सांगते. तू रडलास ते खरं होतं असंच मी धरून चालते. त्याबद्दल देवाचे आभार मान, आणि कुणी हसलं तरी ते टाकून देऊ नकोस. पण पौलाने त्याच दमात पुढे काय लिहिलंय बघ : ‘संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.’ (१ थेस्सलनीकाकरांस ५) मंडळी तीच, पत्र तेच. ज्यांना विझवू नका म्हटलं त्यांनाच पारख करा म्हटलं. तुमच्या फेलोशिपने पहिली ओळ घेतली, आमच्या चर्चने तिसरी घेतली, आणि दोघंही आपापल्या ओळीवर खूश आहोत. पौलाचं वाक्य असं मधोमध तोडायचा अधिकार ना तुमच्या ब्रदरना आहे, ना आम्हाला.

‘मतं माणसांनी बनवली’ या बोलण्याचीही पारख करू. साधारण ११२ साली प्लिनी नावाचा एक रोमी अधिकारी बिथुनिया प्रांताचा कारभार पाहत होता. त्याने सम्राट त्रायानाला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात तो कळवतो की हे ख्रिस्ती लोक एका ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत गातात. आणखी काही कळावं म्हणून त्याने मंडळीच्या सेविका असलेल्या दोन दासींचा छळ केला, तरी त्याच्या मते निव्वळ अंधश्रद्धेपलीकडे काही हाती लागलं नाही. त्या पहाटे गाणाऱ्यांपाशी मोठ्या परिषदेने ठरवून दिलेला मतांगीकार नव्हता. त्यांच्यापाशी येशू होता, आणि त्याच्यासाठी त्या दोघींनी मार खाल्ला.

दोनशे वर्षांनंतर, ३२५ साली, त्याच बिथुनियातल्या नायसिया गावात बिशप जमले. अरियस नावाचा पाळक शिकवत होता की पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, तो नव्हता असाही एक काळ होता. मग प्रश्न उभा राहिला : पहाटे उठून आपण ज्याला गात आलो, ज्याच्या नावात बाप्तिस्मा घेत आलो, तो खरोखर देव आहे की नाही? नसेल तर इतक्या पिढ्यांची प्रार्थना चुकीच्या पत्त्यावर गेली. अथनासियस त्या वेळी तरुण डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, होता. पुढे आयुष्यभर तो एकच गोष्ट लावून धरत राहिला की जो स्वतःच निर्मिलेला आहे तो आपल्याला देवाशी जोडू शकणार नाही. त्यापायी त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. बाळ, केवळ शब्दांचा कीस काढायला कुणी पाच वेळा घरदार सोडत नाही. ख्रिस्ती लोक प्रार्थनेत ज्याला ओळखत होते त्याला कुणी लहान करू नये, म्हणून तो मतांगीकार लिहिला गेला.

आमच्याकडे शुक्रवारी बायकांचा बायबल अभ्यास असतो. विडी घरकुलातून एक बाई येते. तिच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी वाचताना ती अडखळते, म्हणून वचनं ऐकून ऐकून पाठ करते. एकदा कुणीतरी म्हणालं, येशू थोर गुरू होता एवढं मानलं तरी चालेल की. सगळ्या गप्प. ही म्हणाली, ‘मग माझ्यासाठी मेलं कोण? चांगला माणूस? चांगली माणसं आमच्या गल्लीत बी लई मेली. माझं पाप कुणी नेलं, ते सांगा की.’ नायसियाच्या बिशपांनी जे जपलं ते तिच्या पोटात आहे. कष्टाच्या, दुखण्याच्या दिवसांत तिला ज्याने धरून ठेवलं तो कोण आहे हे तिला नक्की माहीत आहे. याला मी शिकवणही म्हणते आणि अनुभवही म्हणते. तिच्यात या दोन गोष्टी वेगळ्या काढायला गेलं तर हाती काहीच लागणार नाही, असं मी त्या दिवशी ‘गुरू होता एवढं पुरे’ म्हणणाऱ्या बाईंनाही सांगितलं.

‘ज्याला अन्य भाषा नाही त्याच्यात आत्मा नाही’ हे मात्र सरळ चूक आहे. ‘सर्व जण अन्य भाषा बोलतात काय?’ असं पौल करिंथकरांना विचारतो, आणि ‘नाही’ हेच उत्तर त्याला अपेक्षित आहे. मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक अन्य भाषा बोलतो असंही तोच म्हणतो, आणि लगेच सांगतो की मंडळीत मात्र दुसऱ्याला शिकवणारे, समजणारे पाच शब्द मला अधिक पसंत. त्याने या दानाचा अपमान केला नाही, आणि ते दुसऱ्याच्या डोक्यावर हाणायला दंडुका म्हणूनही वापरलं नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण देते. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की थोड्या वेळाने केडगाव येतं. गाडीतले बहुतेक लोक मान वर करून बघतही नाहीत. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १९०५ च्या सुरुवातीपासून तिथे संजीवनासाठी, म्हणजे विश्वास नव्याने जागा व्हावा म्हणून, रोज प्रार्थना चालली होती, आणि जूनच्या अखेरीस मुलींमध्ये ते पेटलं. मुली पापं कबूल करून रडल्या, तासन्‌तास मोठमोठ्याने प्रार्थना करत राहिल्या. पुढच्या काळात काहींना अन्य भाषाही मिळाल्या. हा गोंधळ आहे, अशी टीका झाली. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. आपल्या लोकांची रडण्याची, प्रार्थनेची रीत परक्यांच्या मापाने मोजू नका, अशी त्यांची भूमिका होती. आणि खुद्द रमाबाईंना अन्य भाषेचं दान मिळालं नव्हतं! ज्या मुलींना मिळालं त्यांच्याबद्दल त्यांनी आनंद केला, स्वतःला कमी लेखलं नाही. तुझ्या ब्रदरना विचार, रमाबाईंमध्ये आत्मा नव्हता का? उत्तर आलं तर मलाही कळव.

रमाबाईंची दुसरी बाजू आपल्या व्यासपीठांवरून फारशी सांगितली जात नाही, म्हणून जरा थांबून सांगते. ज्या वर्षांत मुक्तीत ही आग होती त्याच वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या होत्या. शास्त्र खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून त्यांनी मूळ भाषांवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, स्वतःचं शरीर थकलं होतं, तरी काम चालूच होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा ते पूर्ण होत आलेलं होतं, आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आलं. खिळे जुळवून ते छापणारे हातही मुक्तीतल्या बायकांचे होते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) त्यांनी तिथल्या मठातल्या भगिनींशी काय वाद घातले! पाळक सांगतात म्हणून मानेन, असं त्यांनी कधी केलं नाही. आणि पुढे त्यांनीच साक्ष दिली की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो मला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी भेटला. आधी धर्म, मग ख्रिस्त, आणि ख्रिस्त भेटल्यावर पुन्हा व्याकरण. तो भेटला म्हणून त्यांनी पुस्तकं मिटली नाहीत. उलट त्याचा शब्द न् शब्द नीट कळावा म्हणून म्हातारपणी नव्या भाषांची धातुरूपं गिरवली.

आमचं चर्च मेल्यासारखं वाटतं म्हणतोस. यात तथ्य आहे, आणि ते आम्हाला टोचायला हवं. आम्ही मतांगीकार असा म्हणतो की शेवटच्या ‘आमेन’पर्यंत एकाही शब्दाने थांबवलेलं नसतं. भुतेही विश्वास धरतात व थरथर कापतात, असं याकोब म्हणतो. आम्ही तर थरथरतही नाही. अम्माऊसच्या वाटेवर येशूने दोन शिष्यांना शास्त्र उलगडून सांगितलं तेव्हा त्यांचं अंतःकरण आतून पेटलं. शास्त्र वर्षानुवर्षं उघडलं जातंय आणि कुणाचंच काही पेटत नाही, तर वेदीवरच्यांनी आणि बाकावरच्यांनी दोघांनीही गुडघे टेकायला हवेत. पण त्या वाटेवर मन पेटलं ते शास्त्र उलगडत असताना, हेही विसरू नकोस. शास्त्र मिटून ठेवून पेटवलेलं मन कुठल्या वाटेला जाईल याची मला धास्ती वाटते.

पण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ आजीची आहे. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता... त्यात अन्य भाषा नाही, आणि सौम्यता आहे. पौलाला तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलून नेल्याचा अनुभव होता. तो सांगायला त्याने चौदा वर्षं जाऊ दिली, आणि सांगितला तोही नाइलाजाने, ‘एका मनुष्याला मी ओळखतो’ असं म्हणून. तू मात्र तुझा अनुभव आजीच्या ताटात टाकलास आणि तिचं जेवण उडालं. आजच तिच्याजवळ बस. ‘आजी, मी चुकलो’ एवढं म्हण, त्याला पुढे ‘पण’ जोडू नकोस. मग तिला विचार की देव तिला कधी, कुठे भेटला. या शहरातल्या गिरण्या बंद पडल्या, पगार थांबले, माणसं खचली, त्या काळात आपल्या मंडळीतल्या बायकांनी कशाच्या बळावर चुली पेटत्या ठेवल्या हे त्या माईकवर येऊन सांगत नाहीत. त्यांना साक्ष द्यायची सवय नाही. विचारल्याशिवाय कळायचं नाही.

फेलोशिप सोड असं मी म्हणत नाही. जा, पण बायबल घेऊन जा. तिथे प्रश्न विचारता येतो का, ते पाहा. वधस्तंभाबद्दल जास्त ऐकायला मिळतं की वक्त्याच्या सामर्थ्याबद्दल? दशांशाचा हिशोब सगळ्यांसमोर मांडतात का? आणि घरच्यांपासून तोडण्याची भाषा ऐकलीस तर तिथून उठ. बिरुया गावच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासून पाहिलं, आणि लूकने त्यांना थोर मनाचे म्हटलं. ब्रदर पौलापेक्षा मोठे नसतील तर त्यांना राग येऊ नये. रविवारी मात्र आपल्या चर्चला ये आणि आजीच्या शेजारी बस. मतांगीकाराची एकेक ओळ प्रार्थना म्हणून म्हण. तुझ्यातली ऊब आमच्यात आण, आम्हाला तिची गरज आहे.

प्रश्न : बाई, मी निवृत्त परिचारिका आहे. लहानपणापासून चर्चला जाते, दृढीकरण झालं, प्रभुभोजन कधी चुकवलं नाही. पण लोक साक्षीत सांगतात तसं मला कधी काहीच वाटलं नाही. ना अंगावर काटा, ना डोळ्यांत पाणी, ना कुठला आवाज. हल्ली झोप लागत नाही. मग मनात येतं, माझं तारण झालंय ना?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सिस्टर, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून वाचा. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याची सुरुवात ‘हे माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक मारून होते. काहीच जाणवत नसताना मारलेली हाक देवाने आपल्या ग्रंथात ठेवून घेतली.

इंग्लंडातला मोठा प्रचारक जॉन वेस्ली याची एक गोष्ट सभांमधून हमखास सांगतात : २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या बैठकीत कुणीतरी ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं, आणि ती ऐकता ऐकता वेस्लीच्या हृदयात ऊब आली. पुढचं सहसा सांगत नाहीत. १७३९ च्या जानेवारीत त्याच वेस्लीने रोजनिशीत लिहिलं की मी आताही ख्रिस्ती नाही. त्याला हवी होती ती प्रीती, तो आनंद स्वतःत दिसत नव्हता. त्यानंतर पन्नास वर्षं तो घोड्यावरून गावोगाव ख्रिस्त सांगत फिरला. मदर तेरेसांना १९४६ मध्ये दार्जिलिंगच्या गाडीत आपलं पाचारण लख्ख ऐकू आलं, आणि त्यानंतरची कितीतरी दशकं आतून कोरडी गेली. त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये पत्रं छापली गेली तेव्हा जगाला ते कळलं. तोवर त्या पहाटे उठून प्रार्थना करत होत्या आणि रस्त्यावरची मरणारी माणसं उचलत होत्या.

तारण तुमच्या जाणवण्यावर टांगलेलं नाही. ते वधस्तंभावर झालं, तुम्ही जन्मण्याच्या कितीतरी आधी. शिकवणीचा उपयोग इथे होतो, सिस्टर. रात्री तीनला मन काहीच सांगत नाही तेव्हा मतांगीकार सांगतो. तो मोठ्याने म्हणा, अर्थ मनात उतरो न उतरो.

पण ‘काही वाटत नाही, तेच बरं’ असंही मी तुम्हाला सांगणार नाही. मागा. ‘प्रभू, मला तुझी जाणीव दे’ ही प्रार्थना कुणाही वयात करता येते, आणि ती करताना लाजू नका. मंडळीतल्या एखाद्या मैत्रिणीला सांगा, म्हणजे मागायला दोघी होतील. आणि एक विचारू? इतकी वर्षं वॉर्डात परक्यांची घाण काढताना कंटाळा आला असेल, राग आला असेल, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटीवर गेलात. तो धीर कुठून येत होता याचा शांतपणे विचार करा. सगळ्यांनाच आत्म्याचं काम अंगावरच्या काट्याने कळतं असं नाही. झोपेसाठी डॉक्टरांनाही दाखवा. उतारवयात झोप उडण्याला शरीराचीही कारणं असतात, आणि न झोपलेल्या मनाला सगळंच काळं दिसतं.

प्रश्न : मी संडे स्कूल घेते. मुलांकडून मतांगीकार पाठ करून घ्यावा का? काही पालक म्हणतात, पोपटपंची नको, मुलांना येशूचा अनुभव येऊ द्या.
— एक शिक्षिका, कुर्डुवाडी

उत्तर : जरूर करून घ्या. लहानपणी पाठ झालेलं मोठेपणी अडचणीच्या वेळी आपोआप तोंडात येतं, आणि अर्थ कळायला पुढे सगळं आयुष्य असतं. फक्त एका रविवारी एकच ओळ घ्या. त्या ओळीवर मुलांना प्रश्न विचारू द्या, आणि मग त्याच ओळीची त्यांच्या शब्दांत प्रार्थना करून घ्या. ‘सर्वसमर्थ पिता’ म्हटलं की एखादं मूल दारू पिणाऱ्या बापाबद्दल बोलेल. तिथे घाईने पुढच्या ओळीवर जाऊ नका.

येशूने पंतय पिलाताच्या कारकिर्दीत दुःख भोगलं, ही ओळ आली की मुलं हमखास विचारतात, या वाईट माणसाचं नाव आपण दर रविवारी का घ्यायचं? उत्तम प्रश्न आहे, त्यावर पूर्ण तास द्या. येशूचं मरण म्हणजे कुणाच्या मनातली कल्पना नाही. ते ठरावीक अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, ठरावीक गावात, लोकांच्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणून त्या अधिकाऱ्याचं नाव राहिलं. १९६१ मध्ये कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात एका पायरीला वापरलेला दगड सापडला, त्यावर लॅटिनमध्ये पिलाताचं नाव आणि यहूदियाचा अधिकारी म्हणून त्याचा हुद्दा कोरलेला आहे. त्याचा फोटो मोबाईलवर मिळेल. मोठा करून मुलांना दाखवा आणि पुसट झालेली अक्षरं त्यांना वहीत उतरवू द्या.